मागचं दार

खोडाळ्याच्या एसटीत मला खिडकी मिळाली, पण पाय ठेवायला जागा मिळाली नाही. पत्र्याची पेटी गुडघ्यांमध्ये, नागलीच्या पिठाची पिशवी मांडीवर, शेजारी दोन बायका. खाली आई उभी होती. तिला हात करायचा होता, तर हातच बाहेर काढता येईना. गाडी सुटली आणि मी तशीच, मान तेवढी वळवून, नाशिकला कॉलेजला गेले.

तयारी म्हणाल तर महिनाभर चालली होती. शाळेतल्या सरांनी अर्ज दोनदा लिहून घेतला. बानं जव्हारच्या बाजारातून पेटी आणली. आमच्या पाड्यातला पहिला कॉलेजात गेलेला नामदेवदादा बजावून गेला, तिथं ‘नाय’ म्हणू नको, ‘नाही’ म्हण. मग आई भाकर वाढताना मुद्दाम विचारायची, आणखी हवी का, आणि मी ‘नाही’ म्हटलं की सगळं घर हसायचं. इतकं सगळं शिकवलं, पण दार कसं लावायचं हे शिकवायचं कुणाला सुचणार?

आमचं घर कारवीच्या कुडाचं. बाहेर पडणाऱ्यानं पुढच्या दाराला कडी घालायचीच, आत कुणी झोपलेलं असलं तरी. ‘कडी घाल गं बाय, कोंबड्या शिरतात,’ हे आईचं वाक्य कळायला लागल्यापासून कानात आहे. आत राहिलेल्याची कुणाला काळजी नसे. मागे ताटी होती, आतून दोरीनं बांधलेली. दोरी सोडली की माणूस थेट नागलीच्या शेतात.

हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाची. दोन खाटा, गजांची एक खिडकी. पहिले कित्येक दिवस मला तिथं पुरता श्वास घेता आला नाही. सोबतीण शैला, सिन्नरची, सायन्सला. माझ्या तोंडून ‘नाय’ निसटलं की ती हसायची, पण चारचौघींत कधी हसली नाही.

तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती त्या दिवशी मी सकाळी सातला लेक्चरला निघाले. ती तोंडावर वही घेऊन पडली होती. मी बाहेर आले, दार ओढलं आणि कडी घातली. हात आपोआपच गेला.

परतले तर दाराशी गर्दी. शैला तीन तास आत होती. मजला रिकामा, हाका कुणाला ऐकू जाणार? झाडायला आलेल्या मावशींनी दार उघडलं तोवर परीक्षा होऊन गेली होती. दारावर आपटून तिच्या मुठी सुजल्या होत्या. रेक्टरबाई मला म्हणाल्या, मुद्दाम कोंडलंस का ते खरं सांग, नाहीतर उद्या घरी जायचं.

मी म्हटलं, "मला वाटलं, ती मागनं जाईल."

कुणी हसलं नाही. मागे म्हणजे कुठे, असं बाईंनी विचारलं, आणि मी खिडकीच्या गजांकडे बघत राहिले. शैलाच्या सरांनी दुसऱ्या बॅचबरोबर तिची परीक्षा घेतली, म्हणून मी वाचले. पण तिनं खोली बदलून घेतली. तिची नीट माफी मागायची राहून गेली, ते अजून खुपतं.

आता मी नाशिकलाच शिक्षिका आहे. पाड्यातल्या मुली कॉलेजला निघताना विचारतात, काय काय शिकून घेऊ? मी म्हणते, आधी दार लावायला शिका. त्यांना थट्टा वाटते.

यंदा दिवाळीत गावी गेले. कुडाच्या घराच्या जागी घरकुल झालंय, सिमेंटचं, एका दाराचं. दुपारी सगळी भात कापायला गेली तेव्हा मी झोपले होते. जागी झाले तर दाराला बाहेरून कडी. सवयीनं मागे गेले. ताटी होती तिथं भिंत, आणि भिंतीवर माझा पदवी घेतानाचा फोटो. हाका मारल्या, पण पाडा रिकामा होता. मीही मुठी आपटून पाहिल्या. मग फोटोखाली बसले आणि स्वतःच्याच घरात मला रडू कोसळलं.

ऊन उतरल्यावर आईनं कडी काढली. माझे डोळे बघून म्हणाली, "एवढा वेळ आत का बसलीस बाय? मागनं यायचंस की."

मग तिचंही लक्ष भिंतीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी कापणीला जाताना तिनं दार सताड उघडं टाकलं. कोंबड्या दिवसभर माझ्या अंथरुणाभोवती फिरत होत्या. मी त्यांना हाकललं नाही.