पोरीच्या सीटची जागा

मी भंगारवाला आहे. वाळूजच्या कारखान्यांतून निघणारा लोखंडाचा चुरा, ग्रीसनं माखलेली पिंपं, फुटलेल्या बॅटऱ्या यांच्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्या मालाला वास येतो, हात काळे होतात, पण माल जे आहे तेच दाखवतो. लहान मुलांच्या गाडीतल्या सीटा विकणारा बाजार मात्र एवढा सुगंधी आणि एवढा घाणेरडा आहे, की तिथून घरी आल्यावर मी भंगाराच्या गोदामातून आल्यापेक्षा जास्त वेळ हात धूत बसलो.

सीट घ्यायची वेळ आली त्याचं कारण असं. लासूर स्टेशनला माझा थोरला भाऊ राहतो. त्याच्याकडून परत येत होतो. बायको पुढं, तिच्या मांडीवर आमची चार वर्षांची मुलगी. रस्त्यात म्हैस आडवी आली, मी ब्रेक मारला. गाडीचा वेगही फार नव्हता. पोरगी मांडीवरून सुटून डॅशबोर्डावर आदळली. वरचा ओठ फाटला आणि पुढचा दात तुटून बायकोच्या पदरात पडला. बायको रडत एकच म्हणत होती, "मी घट्ट धरलं होतं हो, घट्ट धरलं होतं." तिनं धरलंच होतं. माणसाच्या हातात तेवढी ताकद नसते, एवढंच.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दुधाचाच दात होता नं? येईल दुसरा. त्यात काय एवढं?"

मला या वाक्याची अजून किळस येते.

माझ्या गोदामात अपघातातल्या गाड्याही येतात. पुढून चेपलेल्या, काचा गेलेल्या. पण त्यांच्या मागच्या सीटचे पट्टे बघावेत. कोरे करकरीत. काहींना तर कंपनीचा कागदही तसाच चिकटलेला. ते पट्टे कापून मी मालवाहू रिक्षावाल्यांना सामान बांधायला विकत आलो. पेट्या बांधायला लोकांना पट्टा लागतो, पोरं बांधायला नाही. ओठाला टाके घालून घरी आलो त्या संध्याकाळीच मी ठरवलं की पोरीला सीट घ्यायची आणि त्या सीटवाचून ती गाडीत बसणार नाही.

पहिलं दुकान झगमगीत होतं. पोऱ्यानं नव्हे, खुद्द मालकानं गुलाबी सीट पुढं केली. तिच्यावर मुकुट घातलेली राजकन्या, बाजूला पेला ठेवायला कप्पा.

मी विचारलं, "किती वजनाच्या मुलापर्यंत चालते?"

"बच्चा मावतो तवर चालते, साहेब."

"गाडीला बांधायची कशी?"

"ठेवायची. लई जड आहे, हालत नाय."

किंमत त्यानं नऊ हजार सांगितली. माझी धंद्याची सवय, मी तोंड वाकडं करून निम्म्यानं मागितली. निम्म्यानं मागायचं, समोरच्यानं छाती पिटायची, मग चहा येतो आणि मध्ये कुठंतरी सौदा होतो. हा गडी म्हणाला, "चला, द्या साडेचार. बोहनीची वेळ आहे."

मला तिथंच शिसारी आली. जुना पंखासुद्धा एवढ्या पटकन निम्म्यावर येत नाही. मी सीट उलटी केली. आत स्पंज, खाली पातळ प्लॅस्टिक, पट्टे शाळेच्या दप्तराला असतात तसे. कुठं शिक्का नाही, वजन लिहिलेलं नाही. मी म्हणालो, "ही तुमच्या नातवाला बसवता का?"

"आमचा नातू आजीजवळ बसतो," तो हसत म्हणाला.

त्यानंतर मी मोबाइलवर एक वापरलेली सीट पाहिली. सेकंडहँड मालावरच माझी चूल पेटते, त्यामुळं मला त्याचं वावडं नाही. सिडकोत एका चांगल्या सोसायटीत साहेब राहत होते. सीट खरंच भारी होती, जाड कवचाची, पाठीवर गोलात इंग्रजी ई अक्षर असलेलं, चाचणीत पास झाल्याचं नारिंगी लेबल. भाव रास्त होता. मी सहज विचारलं, "गाडीला कधी काही झालं होतं का?"

"छे छे. म्हणजे मागच्या वर्षी एकानं मागून ठोकलं होतं. थोडंसंच. बंपर, डिक्की बदलली, बस."

"आणि मुलगा सीटवरच होता?"

"होता ना. काही झालं नाही त्याला. सीट चांगली आहे याचा पुरावाच समजा."

एवढा शिकलेला माणूस. डिक्की बदलावी लागली ते थोडंसं, आणि तो दणका खाल्लेली, आतून कुठं तडकलीय ते न दिसणारी सीट दुसऱ्याच्या पोराच्या पाठीखाली सरकवायची. मी विचारलं नसतं तर त्यानं सांगितलंही नसतं. त्यानं पुढं केलेला चहा मी घेतला नाही.

दुसरं दुकान गारखेड्याकडं. छोटं, मागं गोदाम. गल्ल्यावर साधारण माझ्या वयाच्या बाई, चष्मा नाकावर. मी आत शिरून भाव विचारला तर त्या म्हणाल्या, "आधी मुलीचं वजन सांगा."

"पंधरा किलोच्या आसपास."

"उंची? गाडी कुठली, किती जुनी?"

मला राग आला. गिऱ्हाईक मी, प्रश्न मी विचारायचे. पण सांगितलं. त्यांनी एक काळी साधी सीट काढली. राजकन्या नाही, पेल्याचा कप्पा नाही. नारिंगी लेबल होतं, त्यावर वजन लिहिलेलं होतं. खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन आणि पायांमधून एक असे पट्टे. शेजारी दुसरी एक सीट दिसत होती, दुप्पट किमतीची. मला वाटलं, आता ही बाई मला ती दाखवणार.

त्या म्हणाल्या, "ती नका घेऊ. तिला मागं लोखंडी आकडे आहेत. तुमच्या गाडीत ते अडकवायची जागाच नाही. उगीच पैसे घालवाल. ही गाडीच्या पट्ट्यानं बसते."

महाग माल विकायची संधी सोडणारा दुकानदार मी क्वचितच पाहिलाय. मला जास्तच संशय आला. मी निम्म्यानं मागितली.

"भाव एकच आहे, भाऊ."

"अहो, भंगाराच्या धंद्यातला माणूस आहे मी. भाव एकच कुठल्याच मालाचा नसतो."

"मग भंगारातच बघा."

"काय बोलता तुम्ही? गिऱ्हाईकाशी असं बोलतात?"

"गिऱ्हाईक झाल्यावर गोड बोलेन. आधी गाडी दारात आणा. सीट बसली नाही तर पैसे दिलेत तरी विकणार नाही."

मी तणतणत गाडी आणली. बाईंनी स्वतः सीट उचलून मागं ठेवली, पट्टा ओढला आणि खोचायला खाचच सापडेना. आम्ही दोघांनी सीटच्या फटीत बोटं घालून पाहिली. नुसतं रेक्झिन. गाडी घेतली तेव्हा मी चामड्यासारखी दिसणारी कव्हरं घालून घेतली होती, आणि कव्हरवाल्यानं मागच्या पट्ट्यांच्या खाचा आत दाबून वरून घट्ट शिवून टाकल्या होत्या. आमच्या शहरात निम्म्या गाड्यांत हेच असतं. गाडी घरी आली की पहिल्यांदा हार, मग कव्हर, आणि कव्हराखाली पट्ट्यांची कबर.

मी तिथूनच कव्हरवाल्याला फोन लावून शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "सेठ, गुस्सा कायको करते? पीछे कौन पट्टा लगाता? बैठे तो चुभता था, इसलिए अंदर कर दिया. सबका वैसाच करते अपन."

सबका. मी फोन ठेवला, बाईंकडून ब्लेड मागितलं आणि कव्हर टराटरा फाडलं. दोन्ही खाचा बाहेर आल्या, धूळ खाल्लेल्या, आत शेंगदाण्याची टरफलं. सीट बसली. बाईंनी मला गुडघा सीटवर रोवून पट्टा कसा ताणायचा ते तीनदा करायला लावलं. त्यांनी सांगितला तो भाव मी दिला. आयुष्यात पहिल्यांदा. जाताना म्हणालो, "उन्हाची जाळी तरी फुकट द्या."

"विकत आहे," त्या म्हणाल्या.

सीट महाग पडली का, असं मला पुष्कळांनी विचारलं. पैशांनी नाही पडली. ती गाडीत एका माणसाची जागा अडवते, आणि आमच्याकडं गाडीतली जागा ही नात्यातल्या सगळ्यांची असते. मी हातगाडीवर भंगार गोळा करत होतो तेव्हा दादा लासूरला लोकांना सांगायचा, "धाकटा वाळूजला कंपनीत आहे." भंगार हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. गाडी आली तसा मी त्याचा भाऊ झालो. लग्न असो की दहावा, त्याचा फोन ठरलेला: "आम्हाला घेत ये."

त्याच्या पोराचा साखरपुडा वैजापूरला ठरला. मुलगा आणि त्याचे मित्र जीपनं जाणार, पण वडील मंडळी माझ्या गाडीतून उतरली पाहिजेत, असं दादानं ठरवून टाकलं होतं. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, "पोरीची सीट आहे. तू आणि वहिनी, दोघंच मावाल." तो "बरं बरं" म्हणाला. लासूरला पोहोचलो तर दारात तिघं उभे. वहिनींचे भाऊ, म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा, फेटा बांधून तयार.

दादानं मागचं दार उघडलं, सीटकडं पाहिलं. पोरगी तिच्यात पट्टे लावून झोपली होती.

"हे खोगीर काढ. डिक्कीत टाक."

"दादा, तुला सांगितलं होतं."

"अरे, मामाशिवाय सुपारी फुटते का? पोरगी बसंल की आईच्या मांडीवर. आपण काय असेच मोठे झालो नाय का?"

"ओठ बघ तिचा."

"लई शहाणा झालास! पोरीला जनावरासारखं बांधून ठेवलंय. लोकं हसतील तिथं."

बोलता बोलता त्यानं आत हात घालून पोरीचा पट्टा ओढायला सुरुवात केली. त्याला तो सुटेना, म्हणून तो हिसके देऊ लागला. पोरगी दचकून उठली आणि रडायला लागली.

"हात काढ," मी म्हणालो. माझा आवाज गल्लीभर गेला असणार, कारण शेजारची माणसं ओट्यावर आली.

दादानं हात काढला. चारचौघांत भांडण नको म्हणून त्याचा सूर मऊ झाला. "बरं, तुझं बी नको, माझं बी नको. जाताना मांडीवर बसव, येताना तुझ्या त्या खोगिरात. झालं? निम्मं निम्मं."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. निम्म्यावर सौदा झाला की दोघांचीही अब्रू राहते, ही माझीच भाषा होती. जाता-येता दोन्ही वेळा तोच रस्ता, त्याच म्हशी. मी म्हणालो, "यात निम्मं नसतं."

"भंगारवाला तो भंगारवालाच," दादा म्हणाला. इतक्या वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला तो असा, पाहुण्यांसमोर. मेव्हण्याचा दंड धरून तो जीपकडं गेला. पोरांच्या गर्दीत, मांड्यांवर मांड्या टाकून दोघं बसले.

वहिनी मात्र खणाच्या ओटीचं ताट घेऊन माझ्या गाडीत बसल्या. "भाऊजी, मी तुमच्या बाजूनं नाय," त्या म्हणाल्या. "त्या जीपमधी माझ्या साडीचा चोळामोळा होईल म्हणून बसले." वैजापूरपर्यंत माझ्या बायकोशीच बोलल्या.

साखरपुड्यात दादानं मला पानसुपारी दिली नाही. नव्या सोयऱ्यांना सांगताना मी ऐकलं, "भावाच्या गाडीत जागा नव्हती." लोक च्च च्च करत माझ्याकडं पाहत होते.

संध्याकाळी निघताना कळलं, पोरांची जीप मामांना घेऊन परस्पर शिर्डीला गेली. दादा एकटाच राहिला. सोयरे हात जोडून निरोप द्यायला उभे, त्यामुळं त्याला बसावंच लागलं. तो माझ्या शेजारी पुढं बसला, दार आपटलं. मागं पोरगी तिच्या सीटवर, बायको, वहिनी. मी किल्ली फिरवली नाही.

"काय झालं?" तो समोर बघत म्हणाला.

"पट्टा."

"आता मलाबी बांधणार?"

"तू मागं बसलास तरी आदळणार, पुढं बसलास तरी आदळणार. पट्टा लाव."

बाहेर सोयरे हात जोडूनच उभे. हसू त्यांच्या चेहऱ्यावर ताणून राहिलं होतं. दादानं पट्टा ओढला, पोटावरून आणला, खाच काही त्याला सापडेना. शेवटी मीच त्याच्यावर वाकलो. त्याच्या तोंडाला तंबाखूचा आणि बुंदीचा वास होता, माझ्या शर्टाला दिवसभराच्या घामाचा. त्यानं मान दुसरीकडं वळवली, मी माझी. पट्टा खाचेत बसल्याचा आवाज आला.

"चला आता," वहिनी मागून म्हणाल्या. "लोकं ताटकळलेत."

मी गाडी काढली. लासूर येईपर्यंत गाडीत फक्त पोरगी बोलत होती. काकांनी पण लावला, काकांनी पण लावला, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि कोणीच तिला गप्प केलं नाही.