कपाटाच्या पाठीवरची सही

पुस्तकांच्या कपाटाची पाठ भिंतीच्या ओलीने फुगली, म्हणून नवा प्लाय आणला. आपली पाठ वळली की सुतार चांगला प्लाय बदलून हलका ठोकतात, असं मी ऐकून होते. सुतारकाका चहा पीत होते, तेवढ्यात नव्या प्लायच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने बारीक सही करून ठेवली. मग समोरच खुर्ची टाकून बसले. पुस्तक हातात होतं, लक्ष मात्र त्यांच्या हातोडीवर.

जुनी पाठ खिळ्यांसकट निघाली. काकांनी ती उलटी करून टेकवली. इतकी वर्षं भिंतीकडे असलेल्या त्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीची एक पुसट सही होती. माझ्या वडिलांची. हे कपाट त्यांनीच करून घेतलेलं, आणि त्या सुताराचं कौतुक ते जन्मभर करत राहिले.

नाक त्यांचं, हे मला सगळेच सांगतात. संशयही त्यांचाच, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. कपाटातली पुस्तकं त्यांनी हौसेने दाखवली. हे तेवढं मागे राहिलं.

काकांनी दोन्ही सह्या निवांत पाहिल्या. मग नवा प्लाय उचलत म्हणाले, "तुमचीही भिंतीकडेच ठेवू ना, ताई?"