अण्णांची लेखी सुटका

माझ्या सासऱ्यांना पोलिसांनी अटक केली नाही. मी करवली.

(हे वाक्य आमच्या घरात इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं आहे, की आता मीच आधी म्हणून टाकतो. तेवढाच त्यांचा दम वाचतो!)

दारूबंदीचे दिवस होते. मी डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचो आणि मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकुनी करायचो. सासरे, म्हणजे अण्णा, कल्याणला. धाकटी मेहुणी कुसुम हिचा साखरपुडा रविवारी सकाळी ठरलेला, मुलाकडचे ठाण्याहून यायचे होते. मुलाच्या वडिलांना सोलकढी फार आवडते असं कळलं, म्हणून शनिवारी दुपारी अण्णा आमच्याकडे कोकमाचं आगळ न्यायला आले. आगळ गावाहून आलेलं, अस्सल, लालभडक. भरून द्यायला मात्र घरात एकच बाटली होती. जाड काचेची, देखणी, आणि पोटावर रमचं लेबल. खरवडून खरवडून माझं नख गेलं, लेबल गेलं नाही.

"अहो, बरणीतून द्या की," बायको म्हणाली.

"बाटलीत काय आहे ते महत्त्वाचं," मी म्हणालो, "बाटलीवर काय आहे ते नव्हे!"

स्टेशनाच्या अलीकडेच सावंत हवालदारानं आम्हांला अडवलं. पिशवीतून बाटलीचं डोकं बाहेर आलेलं! आम्हांला चौकीत बसवून त्यानं बूच काढलं, वास घेतला, दोन थेंब तळहातावर घेऊन चाटले आणि डोळेच मिटले.

"ह्यां तर आगळ!" तो म्हणाला. "गावची आठवण करून दिलीत, मामा. जावा घरी. फक्त तेवढं लेबल झाकून न्या."

अण्णा उठले. चप्पल पायात सरकवली. इथे ही गोष्ट संपत होती. पण मी कारकून! आमच्या कचेरीत तोंडी हुकुमाला हुकूम म्हणत नाहीत. वरिष्ठांनी 'बसा' म्हटलं तरी आम्ही मनातल्या मनात जावक क्रमांक शोधतो.

"नुसतं जा म्हणून कसं चालेल?" मी म्हणालो. "पुढे कल्याणला कोणी अडवलं तर? यात दारू नाही असं लेखी द्या."

"साहेब, नका हो त्यात पडू."

"का? लिहायला काय झालं?"

"सोडल्याचं लिहायचं तर आधी धरल्याचं लिहावं लागतं."

"मग लिहा ना!"

अण्णा हळूच म्हणाले, "जावईबापू, चला."

"थांबा हो अण्णा! हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

सावंतानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं विहिरीच्या कठड्यावर चढलेल्या माणसाकडे पाहतात. मग त्यानं मुकाट्यानं टाक शाईत बुडवला.

त्या दिवशी मला पोलीस खातं समजू लागलं. म्हणजे असं, की हवालदार धरू शकतो आणि सोडूही शकतो, पण फक्त तोंडी. एकदा कागद झाला की त्याच्या हातात काही राहत नाही. कागद वरच्या ठाण्यात जातो, आणि कागदामागून माणूस. वरचं ठाणं होतं कल्याणला. म्हणजे अण्णांना घरीच जायचं होतं, आणि त्यांच्या गावीच ते पोचले. फक्त स्टेशनापासून पुढे दोन बाजूंना दोन शिपाई होते.

हेच अण्णा एके काळी ताडीच्या दुकानासमोर आडवे पडून तुरुंगात गेले होते! तेव्हा परत आल्यावर अख्खी आळी हार घेऊन उभी होती. आताही उभी राहिली. मग एकेकानं दार लोटून घेतलं.

ठाण्यातले फौजदार तरुण, नवे, नियमाला पक्के. (माझाच माणूस! मला तर भेटीचा आनंदच झाला.)

"हे आगळ आहे, साहेब. मी आत्ता पिऊन दाखवतो."

"मुद्देमाल प्यालात तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. बाटली सील होऊन मुंबईला तपासणीला जाईल."

"मग अण्णांना मी जामीन राहतो."

"घर स्वतःचं आहे?"

"भाड्याचं."

"मग तुम्हांला कोण जामीन राहणार?"

मी शेवटचा बाण काढला. "चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं! कायदा आहे!"

"आहे ना," फौजदार म्हणाले. "उद्या दुपारी उभं करतो."

चोवीस तास ही मर्यादा असते हे मला ठाऊक होतं. ती पुरेपूर वापरतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी कोठडीत शिरताना आपला कोट काढून नीट घडी घालून माझ्या हातात दिला. "उद्याचा आहे," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी मुलाकडचे आले. अण्णा आजारी आहेत असं सांगायचं घरात ठरलं होतं. ठरवताना मी हजर होतो, हेच चुकलं.

"आजारी? अरेरे! मग आपण दोन मिनिटं भेटून येऊ," मुलाचे वडील म्हणाले.

"तसे बरे आहेत," मी म्हणालो. "फक्त बाहेर सोडत नाहीत."

"कोण? डॉक्टर?"

मला खोटं बोलायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. मग मी बोललो, आणि सगळंच बोललो! बाटली, लेबल, चौकी, सील. "पण दारू नव्हती! आगळ होतं! तसं लेखी येणारच आहे!"

"आलं की कळवा," मुलाचे वडील म्हणाले आणि टोपी घालून उठले.

कुसुमनं केसांतली वेणी काढली, आतल्या खुंटीला अडकवली आणि पोह्यांच्या बश्या उचलायला लागली. माझ्याकडे ती रागानं पाहील म्हणून मी तयारीत उभा होतो. तिनं पाहिलंच नाही.

दुपारी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बंगल्याच्या ओसरीवरच अण्णांना सोडलं. तपासणीचा कागदही आला, 'मादक द्रव्य आढळले नाही'. तोवर पुढचा कोकमाचा हंगाम येऊन गेला होता. मी तो कागद घेऊन धावतच ठाण्याला त्या मुलाच्या घरी गेलो. त्यांच्या दारावर तोरण होतं. मुलाचं लग्न होऊन आठवडा झाला होता!

कुसुमचं लग्न व्हायला त्यानंतर दोन वर्षं लागली. मुलगा विठ्ठलवाडीकडचा, मास्तर. मांडवात मला एकही काम दिलेलं नव्हतं. पंक्तीला सोलकढी होती, आणि पहिल्या पाटावर अण्णांनी आग्रहानं बोलावलेला सावंत हवालदार बसला होता. व्याही चपापले. लग्नघरात पोलीस कशाला?

"घाबरू नका," अण्णा म्हणाले. "हे सावंत. यांनी मला सोडलं होतं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हे आमचे थोरले जावई. यांनी मला आत घातलं."