बैलगाडीला लावलेली चक्की

मी लग्न होऊन रनाळ्याला आले, तेव्हा गावात पिठाची गिरणी आली नव्हती. दळण जात्यावर आणि मिरची उखळात. आमची शेती मिरचीची, त्यामुळे घरात तिखट भरपूर लागायचं. सासूबाईंचं मनगट आखडलं होतं. कांडताना त्या मधूनच थांबायच्या, हात झटकायच्या आणि पुन्हा मुसळ उचलायच्या.

आमच्या ह्यांना ते दिसत होतं. मिरची विकायला नंदुरबारला गेले आणि येताना गोणपाटात गुंडाळून लोखंडी हातचक्की घेऊन आले. वर नरसाळं, बाजूला लाकडी मुठीचा दांडा. सुरतेहून रेल्वेनं आलेला माल म्हणे. दुकानदारानं समोरच डाळ्या दळून दाखवल्या होत्या.

सासूबाईंनी चक्कीला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "बसाडानी कथी?"

बसवायची कुठे, हाच खरा प्रश्न होता. तिच्या बुडाशी लोखंडी जबडा होता, त्याखाली आवळायचा स्क्रू. तो जबडा टेबलाच्या कडेला चावायला केलेला.

"दुकानदारनी टेबलवर लाईसन दखाडी ना," हे म्हणाले.

"आपला घरमा टेबल शे का, बेटा?"

टेबल आमच्याच काय, आख्ख्या गल्लीत नव्हतं. असेल तर शाळेत मास्तरांपुढे.

मग आमची खटपट सुरू झाली. आधी पाटाला लावली. दांडा फिरवला की चक्कीऐवजी पाटच फिरायचा. मी पाटावर बसले, तर ह्यांनी मलाही अर्धा वेढा फिरवलं. खाटेच्या गोल लाकडावर जबडा घसरायचा. उंबरा इतका जाड की तोंडातच मावेना. झोपाळ्याच्या फळीवर मात्र छान बसली. सासूबाईंनी दांडा ओढला आणि झोपाळा, चक्की, मिरची सगळं मागे जाऊन त्यांच्या अंगावर आलं. आम्ही दोघी ठसकत आणि हसत अंगणात पळालो.

अंगणात बैलगाडी सोडलेली होती. सासूबाई डोळे पुसता पुसता थबकल्या. गाडीच्या मागच्या फळीकडे बघत म्हणाल्या, "हठे लाव बरं."

जबडा त्या फळीवर असा बसला, जणू तिच्याचसाठी घडवला होता! चाकांना दगड लावले, नरसाळ्यात वाळकी मिरची टाकली आणि लालभडक तिखट खालच्या परातीत पडू लागलं. ज्वारी मात्र भरड निघाली, तिच्या भाकरी थापताना फाटायच्या. म्हणून पीठ जात्यावर आणि तिखट गाडीवर, असं ठरलं. पहिल्या दिवशी वारा गल्लीकडे होता. समोरची घरं शिंकायला लागली. तेव्हापासून दळायच्या आधी गाडी फिरवून तिचं मागचं तोंड शेताकडे करायचं.

हंगामात पुन्हा मिरची नंदुरबारला न्यायची वेळ आली. मला बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून सासूबाई आणि मीही निघालो. पोती भरली आणि हे चक्की काढायला गेले, तर स्क्रू हलेना. तेल सोडलं, फडकं गुंडाळून पिळलं. शेवटी ह्यांनी हातोडा उचलला.

"तोडशीन ना!" सासूबाई ओरडल्या. "चालू दे तशीच."

तशीच नेली. बाजारात मिरचीच्या ढिगांमधून आमची गाडी शिरली, तशी माणसं हसायला लागली. एका खानावळवाल्या बाईनं मात्र गंभीरपणे विचारलं, "हाई काय शे, माय?"

सासूबाई तोंडानं सांगत बसल्या नाहीत. पोत्यातून मूठभर मिरच्या घेतल्या, देठं खुडली आणि दांडा फिरवला. त्या बाईनं तिखट तळहातावर घेतलं, बोटानं पसरून त्याचा रंग पाहिला आणि म्हणाली, "माले ह्याच मिरच्या दे, माय." तिच्या मागोमाग आणखी गिऱ्हाईकं आली. दळलेला रंग डोळ्यांनी बघून माल घ्यायचा, हे त्यांना नवीनच होतं. दुपार व्हायच्या आत आमची पोती रिकामी झाली. हे नुसते गोण्या झटकत उभे, आणि त्यांची आई सौदे करतेय!

गर्दी बघून दुकानदारही आला. आपलीच चक्की बघून त्याची छाती फुगली. सासूबाईंनी त्याला गाठलं.

"भाऊ, चक्की चांगली शे. पन टेबल कोन देई?"

तो वरमला. "बाई, खोक्यावरच्या चित्रात टेबल आहे. मला वाटलं, ज्याच्या त्याच्या घरी असेल." मग हळूच म्हणाला, "दोघं जण चक्की परत करून गेले. ते का, ते आज कळलं."

त्यानं रॉकेल आणून स्क्रूवर ओतलं, पान्यानं तो सैल केला आणि चक्की काढू लागला. सासूबाईंनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, भाऊ. त्या बाईनी मिरच्या दळाले सांगेल शे, ते बाकी शे."

पुढच्या बाजाराला गेलो, तर त्याच्या दुकानाबाहेर बाभळीची जाड फळी दोन पायांवर उभी होती आणि चक्कीसोबत ती विकायला होती. आमच्या ह्यांनी हौसेनं तशी एक फळी घेतली. सासूबाईंनी ती घरात मांडली, तिच्यावर पाण्याचे हंडे ठेवले, आणि चक्की घेऊन गाडीकडे गेल्या. तिथे शेजारणी आपापल्या मिरच्या घेऊन आधीच जमल्या होत्या.