हालू नको वं!

"हालू नको वं, मी बांधून राहिली ना!"

अमरावतीच्या नर्सिंग हॉस्टेलमध्ये हे वाक्य मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त ऐकलं असेल. माझी रूममेट अकोटची. मी चहा प्यायला बसले की दंडाला बीपीचा पट्टा, अभ्यासाला बसले की घोट्याला आठाच्या आकड्याची पट्टी. तुम्हीही हॉस्टेलात राहिला असाल, पण पायात पट्टी अडकून बाथरूमच्या दारात पडला नसाल.

"दुसरं कोणी सापडत नाही का तुला?"

"दुसऱ्याईले बांधताना हात कापते ना वं माहा!"

तेच तर खरं दुखणं होतं. माझ्यावर सफाईनं चालणारे तिचे हात परका पेशंट दिसला की थरथरायचे. त्यापायी ती एकदा प्रॅक्टिकलला नापास झाली होती आणि तिच्या बाबांनी बजावलं होतं, "औंदा पास झाली त ठीक, नाही त सामान घेऊन घरी ये." मग मी चडफडत पाय पुढे करायचे.

मी मास्तरांची मुलगी. तिच्या बोलण्यानं माझं डोकं उठायचं. पेशंटला असं अगं-तुगं करतात का? मी तिच्याकडून घोकून घेतलं : "आजी, कृपया पाय स्थिर ठेवा." ती जेवतानाही तेच पुटपुटायची.

परीक्षेला माझा पेशंट तिच्या शेजारच्याच खाटेवर होता. तिच्या वाट्याला अंजनगावकडची एक आजी आली, घोटा मुरगळलेली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम समोर उभ्या. हिच्या हातातली पट्टी थरथरत होती.

"आजी, कृपया पाय स्थिर ठेवा."

"कुठी ठेवू वं माय?" आजीनं पाय उचलला आणि जागा शोधू लागली. हिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आजीनं घाबरून पाय सरळ ट्रेमध्ये ठेवला. कात्री खाली पडली. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"हालू नको वं माय, मी बांधून राहिली ना!"

आजीनं पाय खाटेवर टेकवला आणि मुळीच हलली नाही. हिच्या हातांची थरथरही थांबली, मग ते भराभर चालू लागले. मॅडमनी बोलण्याचे मार्क कापले, पण पास केलं.

आणि संध्याकाळी हिनं मलाच ऐकवलं! "तुह्या त्या 'स्थिर'नं मारलंच होतं ना मले!" आभार वगैरे काही नाही.

हॉस्टेल सोडायच्या दिवशी मी उठले तेव्हा तिच्या खाटेवर नुसती गादी होती. सकाळच्या एसटीनं गेली, न उठवता. असा राग आला! उठायला पांघरूण बाजूला केलं, तर माझ्या घोट्याला आठाच्या आकड्याची पट्टी, एकही सुरकुती नसलेली.

बांधताना मी जराही हलले नसणार. आता तर कोणी हालू नको म्हणणारंही नव्हतं. तरी मी बराच वेळ पाय हलवला नाही.