खांबेट्यांची चौथी सूचना

श्रीधर खांबेटे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्यावर. नारायण पेठेतल्या या इमारतीला लिफ्ट नाही. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, पण टपाल थांबलं नाही. महापालिकेला खड्ड्यांबद्दल, वर्तमानपत्राला शुद्धलेखनाबद्दल, बँकेला बंद पंख्याबद्दल पत्रं जातच राहिली. प्रत्येकाची पोच फायलीत लावलेली.

त्यांच्या पत्नी वासंतीवहिनी; गुडघे गेल्यापासून त्यांचं खाली उतरणं बंद झालं. भाजीची पिशवी त्या गॅलरीतून दोरीने वर ओढतात. ही जागा विकून, त्यात मुदत ठेवीतले अठरा लाख घालून, लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या घ्यायचं दोघांचं ठरलं होतं.

अशात एका डबघाईला आलेल्या मोबाईल कंपनीचा बोलबाला सुरू झाला. तिचे ग्राहक गेले होते, टॉवर गंजले होते. शिल्लक होता तो फक्त स्पेक्ट्रमचा परवाना, म्हणजे ठरावीक रेडिओलहरींवर फोन चालवण्याचा सरकारने दिलेला हक्क. तो एक बडी कंपनी विकत घेणार, नियामक मंडळ परवानगी देणार, अशी कुजबुज झाली आणि तीन रुपयांचा शेअर अकरावर गेला.

"लोक मोबाईलवर टिपा वाचतात," खांबेटे मला जिन्यात म्हणाले. "मी नियम वाचतो."

मंडळाने अशा विक्रीच्या नियमांचा मसुदा काढून लोकांकडून सूचना मागवल्या. खांबेट्यांनी एकशे बारा पानं छापून आणली, चार सूचना लिहिल्या आणि मी हिशेबातला माणूस म्हणून तपासायला दिल्या. चौथी अशी होती : विक्रीच्या रकमेतून आधी कंपनीकडे असलेली सरकारची थकबाकी पूर्ण वसूल करावी, उरेल ते कंपनीला द्यावं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"अहो, घोडं तिथेच अडलंय. आधी खात्याचे पैसे खात्याला द्या, परवानगी महिन्यात येते की नाही बघा. मी खात्याला ओळखतो."

मुद्दा रास्त होता. मी दोन स्वल्पविराम बदलून कागद परत दिला. ठेव मोडून त्यांनी सगळ्याचे शेअर घेतले आहेत हे मला माहीत नव्हतं. एवढा खटाटोप कशासाठी, हे मी विचारलंही नाही. शेजाऱ्याच्या पैशांची चौकशी आमच्याकडे करत नाहीत.

चौथी सूचना मान्य झाली. मंडळाचं आभाराचं पत्र आलं. खांबेट्यांनी इमारतीत पेढे वाटले. महिन्याभरात विक्रीला परवानगी मिळाली आणि शेअर एकोणीसवर गेला.

"अहो, आता तरी विका," वहिनी म्हणाल्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"परवाना विकला जायचाय अजून. तुला यातलं कळत नाही."

परवाना विकला गेला. आलेल्या पैशातून आधी सरकारची थकबाकी गेली, उरलेलं कंपनीला कर्ज दिलेल्या बँकांनी नेलं. भागधारकांसाठी एक पैसा उरला नाही. शेअर चाळीस पैशांवर आला आणि मग त्याचे व्यवहारच बंद झाले. भागधारकाची पाळी सगळ्यांत शेवटी येते, हे मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. खांबेटे खात्याचे, सरकारी वसुली झाली की काम झालं, असंच त्यांनी जन्मभर मानलं.

फाईल घेऊन ते माझ्याकडे आले.

"परवानगी येणार म्हटलं, आली. विक्री होणार म्हटलं, झाली. मग मी चुकलो कुठे?"

मी त्यांच्या चौथ्या सूचनेवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"वाक्य माझंच आहे," ते म्हणाले. "तुमच्या स्वल्पविरामांसकट."

त्याच संध्याकाळी ते मंडईतून आले. वरून दोरी आली. तिला पिशवी बांधायला ते वाकले, तेवढ्यात गॅलरीतून वहिनी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, ते आभाराचं पत्र चौकटीत लावून आणा. मला आता इथेच बसून राहायचंय, भिंतीवर बघायला काहीतरी हवं."

खांबेट्यांनी मान वर केली नाही. गाठ ओढून पाहिली. पिशवी वर गेली, आणि ते जिना चढू लागले.