लेंडीखतवाले बाबा

पडेगावच्या एका नर्सरीत लेंडीखत विकायला बसणारे एक म्हातारे बाबा मला एकदाच भेटले. आमच्या हॉलमधला मॉन्स्टेरा पिवळा पडत चालला होता, म्हणून मी कुंडी गाडीत घालून तिकडं नेली होती. बाबांनी माती बोटानं उकरली आणि नाकाशी नेली.

"खत किती येळा घातलं, ताई?"

"दर आठवड्याला. सुकतोय म्हणून जरा जास्तच."

"मुळं जळाली त्याची. आता निस्तं पाणी द्या."

तरी मी किलोभर लेंडीखत मागितलं. त्यांनी पोत्याचं तोंड मुठीत आवळून धरलं. "आजारी झाडाला नाय देत मी," म्हणाले. विकायला बसलेला माणूसच नाही म्हणतोय, याचं मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत.

"बायकोच्या आतड्याचं ऑपरेशन झालं व्हतं. डॉक्टरनं बजावलं, तोंडातून काहीच देऊ नका. ती भुकेनं रडायला लागली, मला बघवंना. दुधात भाकर कुस्करून मीच चारली." बाबा मातीनं भरलेल्या बोटांकडं बघत राहिले. "लई आवडीनं खाल्ली तिनं. दुसऱ्या दिवशी गेली."

मी कुंडी उचलून परत गाडीत ठेवली. घरी आल्यावर महिनाभर मी नुसतं पाणी घातलं, तरी झाड गेलंच. आता त्या रस्त्यानं जाताना मी नर्सरीपाशी थांबत नाही. बाबांनी झाडाचं विचारलं, तर त्यांना काय सांगू?